होलपासून टीकडे : नवख्या गोल्फपटूने सराव कसा करावा

शनिवारी सकाळी ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फचे फटके सरावायच्या मैदानावर, एक दृश्य हमखास दिसते. नवा खेळाडू शंभर चेंडूंची बादली घेतो, पिशवीतून थेट ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याची काठी (क्लब), काढतो आणि अर्ध्या तासात बादली रिकामी करून घामाघूम होऊन घरी जातो. शंभरांपैकी चार-पाच चेंडू लांब आणि सरळ गेलेले असतात, तेवढेच त्याच्या लक्षात राहतात आणि त्यांच्याच ओढीने तो पुढच्या शनिवारी परत येतो. सहा महिन्यांनी स्कोअरकार्डावरचा आकडा मात्र होता तिथेच असतो. माझे पहिले वर्ष असेच गेले, म्हणून हे चित्र मला जरा जास्तच स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रात गोल्फ शिकणाऱ्याला ही उधळपट्टी परवडणारी नाही. चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी किंवा पुण्यात येरवड्याचे पूना क्लबचे मैदान अशा ठिकाणी खेळायला मिळणे सदस्यत्वावर किंवा सदस्याच्या ओळखीवर अवलंबून असते. खारघरच्या सिडकोच्या मैदानासारखी सर्वांसाठी खुली ठिकाणे मोजकीच आहेत. नाशिककर तर ‘गोल्फ क्लब’ म्हणतात ते ज्या मैदानाला, तिथे रणजीचे क्रिकेट सामने होतात. त्यामुळे आठवड्याला रेंजवर दोन तास आणि घरात रोज दहा मिनिटे एवढाच वेळ हाती आहे असे धरून, तो कोणत्या क्रमाने वापरावा हे पुढे मांडले आहे. क्रम असा, की होलपासून, म्हणजे चेंडू जिथे घालायचा त्या खड्ड्यापासून, सुरुवात करून मागे टीकडे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेकडे, यावे आणि प्रत्येक चेंडूला आधी लक्ष्य आणि नंतर निकाल असावा.

हा क्रम पटिंग, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) चेंडू घरंगळवत होलमध्ये घालणे, सर्वांत महत्त्वाचे आहे म्हणून सुचवलेला नाही. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या फटक्यांचे विश्लेषण करून दाखवले आहे, की त्यांच्या गुणांतील फरकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो. तरीही नवख्याने लहान फटक्यापासून सुरुवात करावी, कारण लहान फटक्यात ताकदीला वाव नसतो आणि क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा सपाट भाग) कुठे पाहतो आहे, क्लब जमिनीला नेमका कुठे लागतो आहे, हे लगेच कळते. या दोन गोष्टी एक मीटरच्या पटमध्ये जमल्या नाहीत, तर ताशी सव्वाशे किलोमीटरने फिरणाऱ्या ड्रायव्हरमध्ये त्या आपोआप जमण्याची शक्यता नाही.

आधी नोंद

सराव सुरू करण्यापूर्वी नऊ-नऊ होलच्या (टीपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा म्हणजेही एक होल) दोन फेऱ्या खेळा आणि एकूण गुणांबरोबर चार गोष्टी कार्डाच्या कडेला टिपा. चेंडू हरवल्यामुळे किंवा पाण्यात गेल्यामुळे दंडाचे किती फटके पडले, किती फटके चेंडूच्या डोक्यावर किंवा चेंडूआधी जमिनीत बसले, ग्रीनच्या आसपास आल्यापासून चेंडू होलमध्ये जाईपर्यंत किती फटके लागले, आणि किती होलवर तीन किंवा अधिक पट लागले. बहुतेक नवख्यांना स्वतःची खरी दुखणी माहीत नसतात. ‘माझा ड्रायव्हर बिघडलाय’ असे सांगणाऱ्याच्या कार्डावर नऊपैकी सहा होलवर तीन पट निघतात, आणि पटिंगला दोष देणाऱ्याने चार चेंडू झाडीत घालवलेले असतात. ही नोंद दर महिन्याला एकदा पुन्हा करायची आहे, म्हणून ती कार्डे फेकू नका.

पकड, उभे राहणे आणि रोख

या भागाला रेंज लागत नाही, घरातला आरसा पुरतो. पुढचे सर्व वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहे, डावखुऱ्याने ते उलटे वाचावे. क्लब डाव्या हाताच्या तळव्यात न धरता बोटांच्या मुळाशी तिरका ठेवावा आणि वरून पाहिल्यावर डाव्या हाताच्या दोन ते तीन पेरांचे उंचवटे दिसावेत. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर टेकवावी, त्यांच्यात अडकवावी किंवा दहाही बोटे क्लबवर ठेवावीत, हा आवडीचा प्रश्न आहे. लहान हात असलेल्यांना दहा बोटांची पकड सोपी जाते. अंगठा आणि तर्जनी यांमधली खाच दोन्ही हातांवर साधारण उजव्या खांद्याकडे रोखलेली असावी. टीव्ही पाहताना रोज पाच मिनिटे क्लब हातात घेऊन सोडण्याचा आणि पुन्हा धरण्याचा सराव केला, तर तीन आठवड्यांत नवी पकड परकी वाटेनाशी होते.

आपल्याकडचा नवा गोल्फपटू बहुधा क्रिकेट खेळून आलेला असतो. त्याची चेंडूवरची नजर पक्की असते, हे भांडवल मोठे आहे, पण चेंडूच्या दिशेने पुढे जाऊन मारण्याची सवय इथे नडते. गोल्फचा चेंडू येत नाही, पडून असतो. त्याच्याकडे शरीर सरकले की स्विंगचा तळही सरकतो आणि फटका एकदा वरून, तर एकदा जमिनीत बसतो. क्रिकेटपटूने आरशासमोर क्लबशिवाय, दोन्ही हात छातीवर ठेवून, डोके जागेवर राखून फक्त धड वळवण्याचा सराव करावा.

रोख तपासायला बाजारातल्या दिशा दाखवणाऱ्या महागड्या काठ्यांची गरज नाही. वायरिंगच्या दुकानात मिळणाऱ्या पीव्हीसी पाइपचे सव्वा मीटरचे दोन तुकडे पुरेत. एक तुकडा चेंडूच्या पलीकडे लक्ष्याच्या दिशेने ठेवायचा आणि दुसरा त्याला समांतर आपल्या पायांच्या बोटांशी. पाय, गुडघे आणि खांदे दुसऱ्या तुकड्याला समांतर हवेत. बरेच नवखे खांदे थेट होलमधल्या झेंड्याकडे रोखतात, त्यामुळे ते प्रत्यक्षात झेंड्याच्या उजवीकडे उभे राहतात आणि मग ती चूक हातांनी सुधारायला जातात. वेजसाठी (चेंडू उंच उडवणारा आखूड फटक्याचा क्लब) चेंडू दोन पायांच्या मध्यावर, ७ नंबरच्या आयर्नसाठी (मधल्या पल्ल्याचा, धातूच्या पात्याचा क्लब) त्याच्या किंचित पुढे आणि ड्रायव्हरसाठी डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत ठेवावा.

पटिंग : एक मीटर आणि तीन मीटर हे वेगळे खेळ आहेत

होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो आणि चेंडूचा किमान ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे होल चेंडूच्या अडीचपट रुंद आहे. चेंडूचे केंद्र होलच्या कडेच्या आत राहिले पाहिजे असे धरून साधा हिशेब केला, तर सपाट ग्रीनवर एक मीटरवरून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सुमारे तीन अंशांची सूट मिळते आणि तीन मीटरवरून जेमतेम एक अंशाची. तीही चेंडू हळू येत असेल तरच, कारण वेगाने आलेल्या चेंडूला होल अरुंद पडतो. म्हणून एक मीटरवरून दिशेचा सराव करावा आणि तीन मीटरपलीकडे वेगाचा. लांबून चेंडू आत घालण्याच्या नादात वेग बिघडला, की तिसरा पट ठरलेलाच.

दिशेसाठी घरी ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी सतरंजीवर किंवा फरशीवर सपाट ठेवा, तिच्या एका टोकाला चेंडू ठेवा आणि तो दुसऱ्या टोकावरून खाली उतरेपर्यंत पट्टीवरच राहील असा फटका मारा. हे वाटते तितके सोपे नाही. क्लबफेस किंचित उघडा (लक्ष्याच्या उजवीकडे वळलेला) किंवा मिटलेला (डावीकडे वळलेला) असेल, तर चेंडू मध्येच घसरतो, आणि कोणी न सांगता चूक कळते. सलग दहा चेंडू पट्टीवरून पार झाले की रोजचे काम संपले. प्रत्यक्ष ग्रीनवर पटरच्या (पटिंगच्या क्लबच्या) डोक्यापेक्षा बोटभर रुंद अंतरावर दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या, त्यांनाही टीच म्हणतात) रोवून त्यांच्या मधून पटर नेण्याचा सराव करावा, म्हणजे चेंडू पटरच्या मध्यावर लागतो.

वेगासाठी पावले मोजा. ग्रीनच्या एका टोकापासून पाच, दहा आणि पंधरा पावलांवर टी रोवा आणि प्रत्येक टीकडे एकच चेंडू, क्रम बदलत मारा. होलकडे मारू नका, कारण होल दिसला की मन चेंडू आत घालण्याकडे धावते. चेंडू टीच्या मागे एका हाताच्या अंतरात थांबला तर गुण, अन्यथा शून्य. मारण्यापूर्वी टीकडे पाहत दोन सरावाचे झोके घेतले, तर अंतराचा अंदाज हातांत उतरतो. शेवटी होलभोवती एक मीटरवर चार दिशांना चार चेंडू ठेवा आणि चारही सलग आत गेल्याशिवाय घरी जाऊ नका. चौथ्या चेंडूला हात थरथरू लागतात, आणि त्या थरथरीची सवय लावण्यासाठीच हा खेळ आहे.

टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळूरूची अदिती अशोक चौथी आली आणि तिचे कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकले. तिच्याबरोबर खेळणाऱ्या अनेकींचे टीवरचे फटके तिच्यापेक्षा बरेच लांब जात होते, आणि ती टिकून होती ती ग्रीनजवळच्या खेळावर व पटरवर. अंगात फार ताकद नाही म्हणून गोल्फ सोडायच्या बेतात असलेल्या नवख्याने त्या चार फेऱ्यांची चित्रफीत पाहावी.

चिपिंग : चेंडू कुठे टेकवायचा ते आधी ठरवा

चिपिंग म्हणजे ग्रीनच्या कडेवरून मारायचा छोटा, बुटका फटका. तो नवखा खेळाडू झेंड्याकडे पाहून मारतो, आणि इथेच चूक होते. झेंड्याकडे न पाहता चेंडू जिथे टेकणार ती जागा ठरवायची असते, ग्रीनच्या आत दोन-तीन पावलांवर. तिथे पंचा किंवा हातरुमाल पसरा. सपाट ग्रीनवर पिचिंग वेजने मारलेला चेंडू जितका हवेत जातो त्याच्या साधारण दुप्पट जमिनीवर घरंगळतो, ७ नंबरचे आयर्न वापरले तर तो चौपटीच्या आसपास जातो आणि सँड वेजने जवळजवळ जेवढ्यास तेवढा. ही प्रमाणे ग्रीनच्या उतारानुसार आणि गवतानुसार बदलतात, म्हणून ती आपल्या मैदानावर स्वतः पावलांनी मोजून वहीत लिहून ठेवावीत.

पाय जवळ घ्या, वजन डाव्या पायावर थोडे जास्त ठेवा, हात चेंडूच्या किंचित पुढे असू द्या आणि मनगटे न मोडता पटरसारखाच झोका द्या. चेंडू हवेत उचलायचा प्रयत्न करू नका, त्यासाठी क्लबफेसला कोन दिलेलाच आहे. सुरुवातीचे दोन महिने एकाच क्लबने चिपिंग करावे, हे माझे मत अनेक प्रशिक्षकांना पटणार नाही. पण पाच क्लबांचे अंदाज एकाच वेळी बांधू पाहणाऱ्याचा एकही अंदाज पक्का होत नाही.

तंत्र थोडे बसले की एक खेळ सुरू करा. ग्रीनभोवती नऊ वेगवेगळ्या जागा निवडा, प्रत्येक जागेवरून एकच चेंडू चिप करा आणि तो पटरने होलमध्ये घालेपर्यंत खेळा. प्रत्येक जागेचा पार (अपेक्षित फटके) दोन, एकूण अठरा. नवख्याचे सुरुवातीला सत्तावीस-अठ्ठावीस होतात. हा आकडा दर आठवड्याला लिहिला, तर पंचवीसच्या खाली येताना स्वतःलाच दिसतो.

बंकरबद्दल, म्हणजे मैदानातल्या वाळूच्या खड्ड्याबद्दल, इथे एवढेच पुरे, की चेंडूला मारायचे नसून त्याच्या सुमारे पाच सेंटिमीटर मागे वाळूला मारायचे असते आणि झोका थांबवायचा नसतो. वाळूत रेघ ओढून, चेंडू न ठेवता, प्रत्येक वेळी रेघेवरच वाळू उडते का हे वीस वेळा पाहिले, की बंकरची अर्धी भीती जाते.

अर्धा स्विंग, मग पूर्ण

आयर्नचा चांगला फटका आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागतो, त्यामुळे गवताचा तुकडा चेंडूच्या पुढे उडाला पाहिजे, मागे नव्हे. नवख्याच्या टॉप (फटका चेंडूच्या डोक्यावर) आणि फॅट (फटका चेंडूआधी जमिनीत) अशा दोन्ही चुकांचे मूळ एकच असते, ते म्हणजे स्विंगचा तळ दर वेळी वेगळ्या जागी येणे. रेंजवरची रबरी मॅट ही चूक लपवते, कारण चेंडूच्या मागे पडलेला क्लब रबरावरून घसरून पुढे चेंडूवर येतो आणि फटका बरा गेल्यासारखा वाटतो. तोच फटका गवतावर जमिनीत रुततो. मॅटवर सराव करावा लागत असेल, तर चेंडूच्या मागे सुमारे दहा सेंटिमीटरवर घडी केलेला टॉवेल ठेवा. क्लब टॉवेलला लागला, की मॅटचे खोटे उघडे पडते.

९ नंबरचे आयर्न घेऊन हात कंबरेच्या उंचीपर्यंत मागे आणि तेवढेच पुढे न्या. या अर्ध्या स्विंगने दहापैकी सात चेंडू स्वच्छ लागू लागले, की हात खांद्यापर्यंत न्या आणि त्यानंतरच पूर्ण स्विंगकडे जा. स्वच्छ लागला की नाही हे आवाजावर सोडू नका. पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या मार्करने चेंडूच्या मागच्या बाजूला ठिपका काढा, तो ठिपका क्लबफेसकडे येईल असा चेंडू ठेवा आणि फटक्यानंतर क्लबफेसवर खूण कुठे उमटली ते पाहा. खूण टाचेकडे असेल तर तुम्ही चेंडूच्या फार जवळ उभे आहात किंवा खाली येताना शरीर पुढे झुकते आहे, आणि टोकाकडे असेल तर बहुधा याच्या उलट.

तंत्रातला बदल एका वेळी एकच करा. रेंजवर शेजारचा अनोळखी माणूस, कॅडी आणि फोनमधला व्हिडिओ असे तीन गुरू एकाच वेळी तीन सल्ले देतात, आणि नवख्याची तिन्ही ऐकायची तयारी असते. महिन्यातून एकदा एकाच प्रशिक्षकाकडे अर्धा तास घेणे आणि उरलेला महिना त्याने सांगितलेल्या एकाच गोष्टीवर काम करणे हा पैशाचा सर्वांत चांगला उपयोग आहे. फोनने चित्रीकरण करताना तो हातांच्या उंचीवर ठेवून एकदा समोरून आणि एकदा लक्ष्यरेषेच्या मागून करावे. तिरक्या कोनातून घेतलेले चित्रीकरण चुकीचे निष्कर्ष देते.

ड्रायव्हर : थोडाच, पण हिशेबाने

चेंडूचा अर्धा भाग ड्रायव्हरच्या माथ्यावर दिसेल एवढी टी उंच ठेवा आणि एका सत्रात पंधरापेक्षा जास्त चेंडू ड्रायव्हरने मारू नका. रेंजवर दूरच्या दोन खुणा निवडून त्यांच्यामधला भाग फेअरवे (टी ते ग्रीन यांमधला कापलेल्या गवताचा पट्टा) समजा आणि पंधरांपैकी किती चेंडू त्यात राहिले ते मोजा. किती लांब गेले ते मोजण्यात अर्थ नाही, कारण रेंजचे चेंडू झिजलेले आणि अनेकदा कमी पल्ल्याचे असतात.

स्लाइस, म्हणजे चेंडू हवेत उजवीकडे वळत जाणे, हे नवख्याचे जुने दुखणे आहे, आणि त्यावरचा घरगुती उपाय म्हणजे आणखी डावीकडे रोखणे. तो दुखणे वाढवतो. चेंडू मुख्यत्वे क्लबफेस पाहतो त्या दिशेला सुटतो आणि स्विंगच्या मार्गाच्या तुलनेत क्लबफेस जितका उघडा असेल तितका उजवीकडे वळतो. शरीर डावीकडे रोखले की स्विंगही डावीकडे ओढला जातो, क्लबफेस त्याच्या तुलनेत आणखी उघडा ठरतो आणि चेंडू अधिक वळतो. म्हणून आधी पकड तपासा. डाव्या हाताचा एकच उंचवटा दिसत असेल, तर हात थोडा उजवीकडे फिरवा. पुष्कळांचा स्लाइस एवढ्यानेच निम्मा होतो.

बादलीची वाटणी

पाच मिनिटे शरीर सैल केल्याशिवाय पहिला चेंडू मारू नका, कारण या खेळातली दुखणी कंबरेत आणि कोपरात घर करतात. पन्नास चेंडू पुरेसे आहेत. पहिले दहा वेजने, अर्ध्या स्विंगने, अंग गरम होण्यासाठी मारावेत. पुढचे वीस त्या महिन्यातल्या एकाच बदलावर, प्रत्येक चेंडूआधी एक कोरा झोका घेऊन मारावेत. उरलेल्या वीस चेंडूंनी मात्र कोर्स खेळा. ओळखीच्या मैदानाचा पहिला होल डोळ्यांसमोर आणा, ड्रायव्हर मारा, तो जिथे गेला असता त्यानुसार आयर्न निवडा, मग वेज. सलग दोन चेंडू एकाच क्लबने, एकाच लक्ष्याकडे मारायचे नाहीत.

हा मिसळलेला सराव सुरुवातीला वाईट दिसतो. एकच क्लब वीस वेळा मारणाऱ्या शेजाऱ्याचे फटके तुमच्यापेक्षा सुंदर जातील. शे आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये हातांच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात नेमके हेच आढळले. कामे मिसळून सराव करणारे सरावाच्या वेळी मागे पडले, पण नंतर घेतलेल्या चाचणीत ते पुढे निघाले. कोर्सवर कोणताही फटका लगेच दुसऱ्यांदा मारायला मिळत नाही, मग सराव तरी त्या सवयीने का करावा? प्रत्येक चेंडूआधी मागे उभे राहून लक्ष्य पाहणे, एक झोका, उभे राहणे आणि फटका, ही ठरलेली रीत या वीस चेंडूंत पाळा. नियमांत एका फटक्यासाठी ४० सेकंदांच्या आत आटोपण्याची शिफारस आहे, रीत त्यात बसली पाहिजे.

कोर्सवर

महिन्यातून दोनदा तरी नऊ होल खेळा, सर्वांत पुढच्या टीवरून. जागतिक हॅंडिकॅप (खेळाडूच्या कौशल्यानुसार मिळणारी जादा फटक्यांची सूट) पद्धतीत कमाल हॅंडिकॅप निर्देशांक ५४ आहे, म्हणजे अठरा होलमध्ये ढोबळमानाने प्रत्येक होलला तीन जादा फटके. त्यामुळे पार चारच्या होलवर तुमचा स्वतःचा पार सात धरा. सात धरले की झाडीतून हिरव्या फटीकडे बेधडक मारण्याची गरज उरत नाही. चेंडू बाजूला फेअरवेवर काढून पुढे जाता येते. नियमाने क्लब चौदा नेता येतात, पण पटर, सँड वेज, ९ आणि ७ नंबरची आयर्न, एक हायब्रिड (लांब फटक्यासाठीचा, मारायला सोपा क्लब) आणि ड्रायव्हर एवढे सहा पुरेत. हरवलेला चेंडू शोधायला तीनच मिनिटे मिळतात, हेही लक्षात असू द्या.

पावसाळ्यात ग्रीन ओली असतात, चेंडू घरंगळत नाही आणि मोजलेली सगळी प्रमाणे फसतात. जून ते सप्टेंबर हे चार महिने पट्टीवरचे पटिंग, आरशासमोरची पकड आणि छत असलेल्या रेंजवरचा टॉवेलचा सराव यांना द्यावेत. चिपिंगची पावले ऑक्टोबरात ऊन पडल्यावर पुन्हा मोजावीत, आणि त्याच आठवड्यात पहिल्या दोन फेऱ्यांची जुनी कार्डे काढून त्यांच्याशेजारी नवे कार्ड ठेवून पाहावे, म्हणजे पुढच्या तीन महिन्यांचे वीस चेंडू कोणत्या चुकीवर खर्च करायचे ते ठरेल.